बंदुकीऐवजी बॅगपाईप घेऊन लढाईत उतरणारे स्कॉटिश वादक : उपयोग नेमका काय?

धोपटमार्गी
गेल्या महिन्यात फ्रान्समधल्या नॉर्मंडीला जाऊन आलो. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो, त्यामुळे गाडीनेच. ६ जून १९४४ ला ब्रिटिश सैन्य ज्या सोर्ड किनाऱ्यावर उतरलं, तिथे कोलव्हील-मॉन्टगोमेरी नावाचं छोटं गाव आहे. समुद्राजवळच एक पुतळा दिसला. अंगात किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा), बगलेत बॅगपाईप, ऐटीत चाललेला तरुण. नाव बिल मिलिन, तेव्हा वय २१. पुतळा २०१३ मधला.

माझा आठ वर्षांचा मुलगा पुतळ्याला एक फेरी मारून आला आणि विचारलं, "बाबा, ह्याची बंदूक कुठाय?"

बंदूक नव्हतीच. मोज्यात खोचलेली छोटी सुरी, एवढंच हत्यार. वरून गोळ्या येतायत, पाण्यात प्रेतं तरंगतायत आणि हा गडी किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत वाजवतोय. हॉटेलवर येऊन वाचत बसलो, तर असे कितीतरी निघाले. वॉटर्लूपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत.

तर प्रश्न असा : लढाईत ह्याचा खरोखर काही उपयोग होत होता, की नंतर सांगायला बरा म्हणून हा सगळा किस्सा आहे? मुलाला उत्तर देणं बाकी आहे.

आंबटगोड
शत्रूच्या कानावर थेट हल्ला. जिनिव्हा करारात बसतं का हे?

दुपारची_झोप
आमच्या सोसायटीत एका लग्नात बोलावला होता बॅगपाईपवाला. मी स्वतः शरण गेले असते. (ह.घ्या.)

पाणचक्की
धागा आवडला. मिलिनबद्दल थोडी भर.

तो लॉर्ड लोव्हॅटचा खासगी पाईपर. लोव्हॅट कमांडो ब्रिगेडचा प्रमुख आणि फ्रेझर घराण्याचा सरदार. पहिल्या महायुद्धात एवढे पाईपर मेले की दुसऱ्या युद्धात त्यांना आघाडीवर वाजवायला बंदी होती. मिलिनने ती आठवण करून दिली, तेव्हा लोव्हॅटचं उत्तर साधारण असं, की तो नियम इंग्रजांच्या युद्धखात्याचा, आपण दोघं स्कॉटिश, आपल्याला लागू नाही. असा साहेब असल्यावर काय बोलणार!

मिलिनच्या अंगावरचा किल्ट त्याच्या वडिलांचा. त्यांनी तो पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सला नेसला होता. पाण्यात उडी मारली तेव्हा किल्ट छत्रीसारखा वर तरंगला, असं त्याने स्वतः सांगितलंय. किनाऱ्यावर वाजवताना काही जण खूश झाले आणि एका सार्जंटने शिव्या घातल्या, की वेड्या, तुझ्यामुळे सगळे जर्मन इकडे बघतायत.

नंतर पकडलेल्या जर्मनांनी म्हणे सांगितलं, की आम्ही ह्याला वेडा समजलो म्हणून गोळी घातली नाही. आणि युद्धानंतर मिलिनने काय केलं? बरीच वर्षं मनोरुग्णालयात नर्स म्हणून नोकरी. २०१० मध्ये वारला.

तांबडा_रस्सा
>> वेडा समजलो म्हणून गोळी घातली नाही

ऑफिसात मी हेच धोरण ठेवलंय.

शंकासुर
आता मी थोडं पाणी ओततो.

"जर्मनांनी वेडा समजून सोडलं" हे आपल्याला कळतं कुणाकडून? खुद्द मिलिनकडून. तो खोटं बोलला असं म्हणत नाही. पण जो वाचतो तोच किस्सा सांगतो. इजिप्तमध्ये अल अलामीनला, ऑक्टोबर १९४२ मध्ये, ब्लॅक वॉच ह्या स्कॉटिश पलटणीचा एकोणीस वर्षांचा पाईपर वाजवता वाजवता मेला. त्याला कुणी वेडा समजलं नाही. ज्यांना पहिल्या पन्नास पावलांत गोळी लागली त्यांचे पुतळे नाहीत.

दुसरं, धागाकर्त्याने "उपयोग" विचारलाय. आता दारगाई बघा. २० ऑक्टोबर १८९७, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरची तिराहची मोहीम, वर टेकडीवर आफ्रिदी पठाण बसलेले. गॉर्डन हायलँडर्सचा (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, तिथली ही पलटण) पाईपर फिंडलेटर पायांत गोळ्या लागून पडला आणि दगडाला टेकून वाजवत राहिला. टेकडी पडली, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. सुंदर. पण त्याच दिवशी त्याच उतारावर आधी गुरखे गेले, मग डॉर्सेट आणि डर्बीच्या पलटणी, आणि मार खाल्ला. शेवटच्या चढाईत गॉर्डनांबरोबर शीखही होते. गोष्टीत कोण उरलं? वाद्यवाला. हिंदी शिपायाला तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळायची सोयच १९११ पर्यंत नव्हती.

माझ्या मते उपयोग झाला तो वर्तमानपत्रांना.

आंबटगोड
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

पाणचक्की
@शंकासुर, गुरख्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण फिंडलेटरची पुढची गोष्ट तुमच्या "उपयोग वर्तमानपत्रांना" ह्या थिअरीत बसत नाही बघा. पायांमुळे नोकरी गेली, तेव्हा पोटासाठी तो म्युझिक हॉलमध्ये तिकीट लावून तीच धून वाजवायला लागला. ह्यावर लष्करातले साहेबलोक भडकले, पदकाची शान गेली म्हणून. म्हणजे टेकडीवर वाजवलं तर शूर, पैशासाठी वाजवलं तर लाज!

गंमत म्हणजे कुठली धून वाजवली ह्यावरच घोळ आहे. सगळीकडे 'कॉक ओ द नॉर्थ' छापून आलं, तो स्वतः म्हणायचा 'हॉज ऑफ क्रॉमडेल'. लोकांना पहिलीच जास्त आवडली असावी.

कोमल_निषाद
मी सनईवाल्यांच्या घरातली, त्यामुळे वाद्याबद्दल दोन शब्द. लढायांचं मला काही कळत नाही.

"कानावर हल्ला" म्हणणाऱ्यांनी एकदा नीट ऐका. पाईपमध्ये तोंडाने फुंकायची एक नळी, बोटांनी वाजवायचा एक चँटर आणि खांद्यावर तीन ड्रोन, एक खर्जाचा आणि दोन त्याच्या वरच्या सप्तकातले. ड्रोन एकच स्वर धरून असतात. आपल्याकडे सनईवाल्याच्या शेजारी नुसता सूर देणारा बसतो ना, तेच काम. इथे मात्र ते तिघंही एकाच्याच खांद्यावर. चँटरवर सगळे मिळून नऊ स्वर. षड्ज ड्रोनचा धरला तर सा रे ग म प ध, मग कोमल नी आणि वरचा सा. शिवाय सा च्या खाली एक कोमल नी. म्हणजे सरळसरळ खमाज थाट. म्हणून तर आपल्या कानाला तो परका वाटत नाही.

आता मुद्द्याचं. ह्या वाद्यात हळू-जोरात असा प्रकारच नाही. पिशवीत हवा आहे तोवर आवाज अखंड आणि एकाच जोराचा. वाजवताना मध्येच श्वास घेतला तरी सूर तुटत नाही, कारण बगलेने पिशवी दाबायची. एकच स्वर दोनदा घ्यायचा तर मध्ये थांबता येत नाही, बोटाने एक निमिषभराचा कण टाकावा लागतो. सगळी कारागिरी त्या कणांत.

आणि शिकवायची पद्धत! बोल आहेत त्यांचे. 'हिहारिन', 'होडिन' असे. आधी बोल गायचे, मग वाजवायचे. कागद नंतर आला. स्काय बेटावरचं मॅक्रिमन घराणं पिढ्यान्‌पिढ्या हेच करायचं. त्यांच्या मोठ्या रचनेत आधी 'उर्लर' म्हणजे मूळ जमीन, मग एकेक अंग वाढवत नेलेले प्रकार आणि शेवटी परत जमिनीवर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे वडील म्हणाले, "अरे, हे लोक तर बढत करतायत."

तोफांच्या आवाजात सनई ऐकू येणार नाही. हे येतं.

दुपारची_झोप
दंडवत! वाखुसा (वाचनखूण साठवली). लग्नातल्या त्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली.

मोडक्या_छत्रीचा
सगळे वाद्यावर बोलतायत. किल्टवर कुणीच नाही? मुख्य प्रश्न विचारतो : आत काय घालतात?

तांबडा_रस्सा
आला! मी विचार करत होतो अजून कसा आला नाही हा प्रश्न. धाग्याचं काश्मीर व्हायला सुरुवात.

इरावती_९
आत काही नसतं, अशीच पलटणींची परंपरा सांगतात. पुढे विचारू नका.

पण कपडा म्हणून बघा. किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागतं. आपलं नऊवारी, त्यांचं आठवारी! एका वाराने आपण पुढे. पुढचा भाग सपाट, चुण्या सगळ्या मागे. पलटणीच्या किल्टमध्ये चुण्या अशा घालतात की प्रत्येक चुणीवर तोच पट्टा येतो, चालताना त्या हलतात आणि मधला रंग लखकन दिसतो. परेडवर देखणं दिसतं.

खंदकात मात्र हाल. ओल्या चिखलाने ते कापड दगडासारखं जड व्हायचं आणि थंडीत कड गोठली की गुडघ्याच्या मागची कातडी सोलून निघायची. चुण्यांमध्ये उवांची वस्ती. शिवायला बसलेल्या बाईला विचारा, एवढ्या चुण्यांतून ऊ शोधायची म्हणजे काय. वरून रंग लपवायला खाकी एप्रन बांधत. १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस आला. तो ओलसर उघड्या त्वचेवर फोड आणतो. पुढचं तुम्हीच समजा.

१९३९-४० मध्ये लढाईतून किल्ट काढला गेला, त्याचं एक कारण गॅसच सांगितलं जात होतं. तरी १९४० मध्ये फ्रान्सला कॅमेरॉन हायलँडर्सची एक बटालियन किल्टवरच लढली.

मोडक्या_छत्रीचा
प्रश्न मागे घेतो.

पाणचक्की
रच्याकने (बाय द वे), १८५७ मध्ये आपल्याकडे ह्यांना 'घागरा पलटण' म्हणत. लखनौला ७८वी आणि ९३वी हायलँडर्स होती. रेसिडेन्सीत अडकलेल्या एका बाईला सगळ्यांच्या आधी दुरून पाईप ऐकू आले, ही गोष्ट तेव्हा इंग्लंडात फार गाजली, चित्रं निघाली. गोष्ट बनावट होती. (शंकासुर, हा तुमच्यासाठी नैवेद्य.)

शंकासुर
पोचला. प्रसाद गोड आहे.

जालनेकर
महाराष्ट्राचा विषय निघालाच नाही म्हणून लिहितो. माझं आजोळ असईपासून जवळ. हो, तीच असई, २३ सप्टेंबर १८०३. खेळणा आणि जुई ह्या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि समोर वेलस्ली, पुढे वेलिंग्टन झाला तो. त्याच्याकडे ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. ७४वी वाट चुकून गावाच्या फार जवळ गेली आणि शिंद्यांच्या तोफांच्या तोंडी सापडली. अक्षरशः कापली गेली. इंग्रजांची एकूण हानी १,५८४. पुढे कंपनी सरकारने ह्या पलटणींना खास निशाण दिलं आणि 'असई' हे नाव व हत्ती त्यांच्या चिन्हावर आले. स्कॉटलंडमधल्या पोरांच्या टोपीवर आमच्या गावाचं नाव!

लहानपणी मामाबरोबर शेतात गेलो की तो नांगरटीत निघालेला लोखंडी गोळा दाखवायचा, दाराला उटी लावायला ठेवलेला. त्या गोळ्याचा पुतळा नाही. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, मरायचं सोंग करून पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून मागून पुन्हा डागायला लागले. त्यांच्यासाठी कुणी वाजवलं नाही. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

कोमल_निषाद
जालनेकर भाऊ, मामांकडे तो गोळा अजून आहे का? फोटो टाका.

जालनेकर
मामा गेले. घर पाडून स्लॅबचं बांधलं, त्यात कुठे गेला कुणाला माहीत नाही.

धोपटमार्गी
बापरे, धागा कुठून कुठे गेला. वाचतोय सगळं. एक प्रश्न : मुळात बंडखोर हायलँडर्सना आपल्याच सैन्यात घेऊन त्यांचाच पोशाख चढवायचा, ही कल्पना इंग्रजांच्या डोक्यात आली कशी?

इरावती_९
त्यातच सगळी गोम आहे. १६ एप्रिल १७४६ ला स्कॉटलंडमध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडर्सचं राजाविरुद्धचं बंड मोडलं. मग कायदा आला, हायलँडच्या पुरुषाने किल्ट, टार्टन (चौकड्यांचं लोकरी कापड) घालायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. अपवाद एकच, राजाच्या सैन्यात असाल तर. कायदा १७८२ मध्ये उठला. मधली पस्तीस वर्षं आजोबांचा पोशाख घालायचा तर शत्रूच्या पलटणीत भरती व्हा!

वाद्याचं त्याहून वाईट. जेम्स रीड नावाचा पाईपर बंडात पकडला गेला. मी शस्त्र उचललंच नाही, नुसतं वाजवलं, असा त्याचा बचाव. यॉर्कच्या कोर्टाने म्हटलं, हायलँड पलटण पाईपशिवाय चालत नाही, म्हणजे पाईप हे युद्धाचं हत्यारच. फाशी दिली.

शंकासुर
रीडबद्दल माहीत नव्हतं. हे मात्र आवडलं. म्हणजे "उपयोग काय" ह्यावर इंग्रज न्यायाधीशाने १७४६ मध्येच निकाल देऊन ठेवलाय, धागाकर्ते.

तांबडा_रस्सा
आणि ज्या सरकारने वाजवला म्हणून फाशी दिली त्याच सरकारने पुढे वाजवला म्हणून पदकं दिली. माणूस एकच, फक्त कुणाच्या बाजूने तोंड करून वाजवतोय ते बघायचं.

सुभेदार_निवृत्त
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, मुलीने टाईप करायला शिकवलं. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, रायफल कंपनीत, वादक नाही. पण बेळगावच्या सेंटरमध्ये आमच्या बराकीला लागून पाईप बॅण्डची पोरं. आमच्याकडेही पाईप आणि ड्रम आहेत. सातारा-कोल्हापूरकडची पोरं, कुणाच्या घरी हलगी, कुणाच्या घरी काहीच नाही. पहिले कित्येक महिने पिशवी हातात देत नाहीत. नुसता प्रॅक्टिस चँटर, बासरीएवढा. पहाटे चिमण्यांच्या आधी तो सुरू व्हायचा. मग पिशवी आली की गाल दुखून जेवता यायचं नाही. जोडांवर मेण लावलेला दोरा गुंडाळायचा. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की जोड ढिला, पावसाळ्यात फुगला की निघता निघत नाही. अर्धा तास वाजवायचं तर ड्रोन सुरात लावायला अर्धा तास. चामड्याची पिशवी असेल तर ती आतून वंगवावी लागते, नाहीतर हवा गळते. जुने लोक त्यात मध, काकवी काय काय घालायचे.

आता उपयोगाचं. लोकांना वाटतं ते सारखं वाजवतच असतात. नाही साहेब. लढाईत बॅण्डवाला स्ट्रेचर उचलतो. पहिल्या महायुद्धातही तेच, पाईपर फार मरायला लागले तेव्हा बऱ्याच पलटणींनी त्यांना मागे घेतलं, जखमी आणायच्या कामाला लावलं.

आणि एक सांगतो. लांब मार्चवर पंचविसाव्या किलोमीटरला पाय आपले नसतात. मागून पाईप सुरू झाला की कुणी काही बोलत नाही, पण पावलं आपोआप पडायला लागतात. ह्याला शौर्य वगैरे मी म्हणत नाही. पण पुढचे पाच किलोमीटर होतात.

दुपारची_झोप
सुभेदारसाहेब, पहिल्याच प्रतिसादात सिक्सर. लिहीत राहा काका.

पाणचक्की
सुभेदारकाकांच्या स्ट्रेचरवरून आठवलं. जेम्स रिचर्डसन, जन्म स्कॉटलंडचा, भरती कॅनडातून. ८ ऑक्टोबर १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई, रेजायना ट्रेंच नावाचा जर्मन खंदक. कंपनी काटेरी तारांपाशी अडकली, समोरून मशिनगन. पोरगं वीस वर्षांचं. परवानगी मागून तारेसमोर येरझाऱ्या घालत दहा मिनिटं वाजवलं. माणसं उठली, तार पार केली. शंकासुर, इथे उपयोग झाला असं त्या हल्ल्यातले लोकच म्हणतात.

पुढे त्याला एका जखमी साथीदाराला आणि काही कैद्यांना मागे न्यायला सांगितलं. दोनशे यार्ड गेला आणि आठवलं की पाईप तिथेच राहिला. सगळे नको म्हणत असताना परत फिरला. पुन्हा कुणाला दिसला नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

पाईप मात्र सापडला! एका पाद्रीसाहेबाने १९१७ मध्ये चिखलातून उचलून नेला होता, तो स्कॉटलंडमधल्या क्रीफच्या एका शाळेत कित्येक दशकं पडून होता. पिशवीवरच्या टार्टनच्या उरल्यासुरल्या चिंधीवरून ओळख पटली. २००६ मध्ये कॅनडाला परत गेला.

अवांतर : आपला बिल मिलिन जन्मला कॅनडातल्या रेजायना शहरात.

शंकासुर
वाचलं. ह्यावर काही बोलत नाही.

एक शंका मात्र. तो पाईपसाठी परत गेला, ते हुकमाने नव्हे. सुभेदारकाका, तुमच्या बॅण्डमधला कुणी असा गेला असता?

सुभेदार_निवृत्त
पाईप सरकारी मालमत्ता. हरवला तर आधी चौकशी, मग पगारातून वसुली. हा झाला विनोद.

खरं सांगायचं तर माहीत नाही. एक पोरगा होता, शिरोळकडचा. रजेवर जाताना चँटर बरोबर न्यायचा, बहिणीच्या लग्नालाही. घरचे म्हणत ठेव की जरा. चँटरची रीड, म्हणजे पत्ती, त्याने स्वतः तासून तासून तोंडाला बसवलेली, ती तो दुसऱ्याला फुंकू द्यायचा नाही. उष्टं म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या फुंकेने ती बिघडते म्हणायचा.

कोमल_निषाद
अगदी. आमच्या घरी सनईच्या पत्तीला लहान मुलांना हात लावू देत नसत.

धोपटमार्गी
मुलाला रिचर्डसनची गोष्ट सांगितली. बंदूक विसरला तो. आता विचारतोय, त्या दोनशे यार्डांत जखमी माणसाला कुणाजवळ ठेवलं होतं?

मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा. आणि युरोपात प्रॅक्टिस चँटर कुठे बरा मिळेल तेही. हट्ट धरून बसलाय.

आंबटगोड
चँटर घ्या, पिशवी देऊ नका. शेजारी डच आहेत, वेडा समजून सोडणार नाहीत.